सत्त्याहत्तर पत्ते

शिवणाऱ्या बाईच्या टेबलाखाली चिंध्या साठतात, तसे माझ्याकडे किस्से साठलेत. चिंध्यांची निदान उशी तरी भरता येते. किश्शांचं काय करायचं ते कळत नाही. खरं सांगायचं तर त्यातले निम्मे आठवले की हसू यायच्या आधी भीती आठवते. माझ्याकडे येणारी बाई हसत-खिदळत जिना चढते, आणि तिसरा पत्ता उलटायची वेळ आली की तिचा हात थांबतो. हे सगळे किस्से त्या थांबलेल्या हाताचे आहेत.

आधी ओळख करून देते. मी वंदना. साताऱ्यात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. खाली घर, वर दुकान, मध्ये वीस पायऱ्या. लॉकडाउनमध्ये लग्नं बंद पडली, ब्लाउज बंद पडले, तेव्हा मोबाइलवर पुण्याच्या एका मॅडमचा टॅरोचा कोर्स केला. अठ्ठ्याहत्तर चित्रांचा कॅट कुरिअरनं आला. समोरच्यानं मनात प्रश्न धरायचा आणि तीन पत्ते काढायचे. पहिला काल, दुसरा आज, तिसरा उद्या. मी चित्रं बघून अर्थ लावते आणि काय करावं, काय टाळावं ते सांगते. ब्लाउज शिवायला टाकणाऱ्यांना पत्ते फुकट. साताऱ्यात बातमी पसरायला एवढं पुरलं.

आमच्याच मजल्यावर, पलीकडच्या खोलीत शबाना फॉल-पिको करते. काम नसलं की स्टूल घेऊन माझ्या दुकानात येते. तिच्या धर्मात असलं भविष्य बघणं मना आहे. म्हणून मी पत्ते मांडले की ती स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करून बसते. कान मात्र इकडेच असतात.

खाली सासूबाई. माहेर-सासर दोन्ही दहिवडीकडचं, वय ऐंशीच्या घरात. मी त्यांना आत्या म्हणते. गुडघे आणि पत्ते या दोन कारणांनी त्या कधी वर आल्या नाहीत. "बसल्या जागी दैव कशाला उकरायचं गं?" असं त्या खालूनच विचारायच्या.

नवरा फौजेतून रिटायर होऊन आता एका कारखान्यात सिक्युरिटीला आहे. आणि मुलगा विक्रम फौजेतच, वर, बर्फात. त्याच्याबाबतीत माझा एक नियम होता. साऱ्या साताऱ्याचे पत्ते काढीन, पण विक्रमचा काढणार नाही. हा काही मॅडमनी शिकवलेला नियम नव्हे, माझाच आहे. चांगला पत्ता आला तर माझा विश्वास बसणार नाही, आणि वाईट आला तर कॅट गोळा करून ठेवता येईल, मनातलं गोळा करता येणार नाही.

*

पहिलंच गिऱ्हाईक आमच्या गल्लीतल्या कुसुमताई. मुलाकडे हैदराबादला राहायला जावं का, एवढाच साधा प्रश्न. तिसरा पत्ता उलटला आणि 'डेथ' आला.

ज्यांनी तो पत्ता पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. काळं चिलखत घातलेला हाडांचा सापळा, पांढऱ्या घोड्यावर बसलेला, हातात झेंडा. घोड्यापुढे माणसं पडलेली, काही गुडघ्यावर आलेली. कोर्समध्ये मॅडमनी बजावून सांगितलं होतं की याचा अर्थ मरण नव्हे; जुनं संपून नवं सुरू होणं. मी ते सगळं कुसुमताईंना घडाघडा म्हणून दाखवलं. त्यांना त्यातला एक शब्द ऐकू गेला नाही. त्या फक्त सापळ्याकडे बघत होत्या. मग पिशवी उचलली आणि माप न देताच उतरून गेल्या.

त्या थेट जावेच्या दारात गेल्या. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. जावेचं कढीपत्त्याचं मोठं झाड एकोणीस वर्षांपूर्वी एकाएकी वाळलं होतं. का वाळलं हे कुणालाच कळलं नव्हतं. कुसुमताईंनी जावेचे हात धरले आणि म्हणाल्या, "मरायच्या आधी सांगते. कढत पाणी मीच वतलं हुतं. मला माफ कर."

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. कुसुमताई ठणठणीत आहेत. जाऊ त्यांच्याशी बोलत नाही आणि साऱ्या गल्लीला कढीपत्त्याची हकिगत पाठ आहे.

मागच्या दिवाळीत त्या ब्लाउज टाकायला आल्या. पत्त्यांच्या टेबलाकडे पाठ करून त्यांनी माप दिलं आणि जाताना म्हणाल्या, "मला जित्ती ठेवलीस त्ये ठेवलीस. पर आता रोज तिच्या दारावरनं गिरणीत जायचं मला हाय, तुला न्हाई."

*

दुसऱ्या खेपेला तोच पत्ता आला तो सुभेदार काकांना. हे माझ्या नवऱ्याचे जुने दोस्त, रिटायर होऊन शेती करतात. शेतात बोअर मारावी का, असा त्यांचा प्रश्न होता.

पत्ता उलटला आणि मी डोळेच मिटले. म्हटलं, आता हेही कुणाच्या तरी पाया पडायला पळणार. डोळे उघडले तर काका उभे राहिलेले, चपला काढलेल्या, हात जोडलेले.

"खंडोबा आला की," ते म्हणाले.

"काका, तो सापळा आहे."

"आसंल सापळा. तुमी घोडा बघा. पांढरा हाय. झेंडा बघा. मानसं पाया पडत्यात. आजून काय पायजे?"

मी मॅडमनी शिकवलेलं काहीच बोलले नाही. माणूस सापळ्यापुढे चपला काढून उभा असताना त्याला काय शिकवणार? काका त्या रविवारी पालीच्या खंडोबाला जाऊन आले आणि सोमवारी सकाळी भंडारा घेऊन दुकानात हजर. माझ्याकडून तो पत्ता मागून घेतला, त्याला चिमूटभर भंडारा लावला, कपाळाला टेकवला आणि परत दिला. मी खूप पुसला, पण वरचा उजवा कोपरा पिवळा पडला तो पडलाच. बोअरला पाणी लागलं. काका अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की वंदनावहिनींकडे देव पत्त्यात येतो.

मला मात्र तेव्हापासून त्या पत्त्याची भीती वाटायला लागली. कोपरा पिवळा असल्यानं तो कॅटमध्ये उलटा असला तरी कडेवरून ओळखू यायचा. पिसताना माझी नजर त्या पिवळ्या रेघेवर जायची आणि बोटं आपोआप तिला खाली दाबायची.

*

त्याच आठवड्यात एक मुलगी आली. सातवा महिना, नवरा फौजेत, विक्रम आहे त्याच बाजूला. डोहाळजेवणाचा ब्लाउज टाकला आणि म्हणाली, "मॅडम, ह्यांना सुट्टी मिळंल का एवढं बघा की."

मी कॅट हातात घेतला. तिनं हात पुढे केला. आणि मला ती पिवळी रेघ दिसली, वरून चौथी.

"थांब हं, पाणी पिऊन येते," असं म्हणून मी आतल्या बाजूला गेले, तो पत्ता काढला आणि ब्लाउजमध्ये खोचला. परत येऊन मांडणी केली. तिला कपांचा, म्हणजे शुभ पत्ता आला, सुट्टी मिळेल असं मी सांगितलं आणि ती मिळालीही. बाळंतपणाला तो हजर होता.

पण काढलेला पत्ता मी परत कॅटमध्ये घातला नाही. फाडायचा नाही, कॅट रुसतो, असं मॅडम म्हणाल्या होत्या. कचऱ्यात टाकावा तर त्याला भंडारा लागलेला. देवघरात ठेवावा तर त्याच्यावर सापळा. शेवटी खाली स्वयंपाकघरात शाळूचं, म्हणजे ज्वारीचं पिंप होतं, दहिवडीहून आलेला वर्षाचा शाळू त्यात निंबाचा पाला घालून ठेवलेला असतो, त्यात कोपरापर्यंत हात घालून तो पत्ता तळाशी ठेवला. कुणाला सांगितलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या कॅटमध्ये सत्त्याहत्तर पत्ते आहेत. ज्या बाया माझ्यापुढे जीव मुठीत धरून बसतात, त्यांना ते ठाऊक नाही. कापड मारणाऱ्या शिंप्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली आणि स्वतः मात्र लोकांचं मरण मारून ठेवलं होतं.

शबानाला काहीतरी कळलं असावं. महिनाभरानं भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "आजकाल तुझ्याकडं समद्यांचं चांगलंच निघतंय गं."

*

सगळ्यांचं नाही.

साताऱ्याच्या वरच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. अमोल नावाचा एक मुलगा तिथे टेक्निशियन होता. रोज शिडीनं आतून वर चढायचं आणि मशीन तपासायचं. आठ वर्षं तो हेच करत होता. बहिणीच्या लग्नाचे ब्लाउज न्यायला आला आणि सहज म्हणून पत्ते काढले. तिसरा पत्ता 'टॉवर'. उंच बुरूज, त्यावर वीज कोसळलेली आणि दोन माणसं डोकं खाली करून पडताहेत.

मी म्हटलं, "अमोल, याचा अर्थ मनातली जुनी समजूत कोसळणं असा असतो."

तो त्या पडणाऱ्या माणसांकडे बघत होता. म्हणाला, "मॅडम, उद्या माझी ड्युटी वर हाय."

दुसऱ्या दिवशी तो चढला. कमरेच्या पट्ट्याचे दोन्ही हुक लावले, निम्म्यापर्यंत गेला आणि तिथेच शिडीला मिठी मारून थांबला. वरही जाईना, खालीही येईना. दोन तास. शेवटी बरोबरच्या पोरांनी वर जाऊन, त्याचं एक-एक बोट सोडवत त्याला खाली आणलं. त्यानंतर तो कधी चढला नाही. आता खालच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो.

एका धडधाकट पोराचं धाडस मी कागदाच्या चित्रानं मोडलं होतं. आठवड्यानं त्याची आई जिना चढून आली तेव्हा मी उठून उभीच राहिले. वाटलं, आता शिव्या खायच्या.

तिनं पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. म्हणाली, "बाई, आठ वरसं मी रोज सांजच्याला त्या डोंगराकडं बघत हुते. तुमच्या एका पत्त्यानं माझं पोरगं खाली उतरवलं."

ती गेल्यावर शबानानं पेढा खाल्ला. मी पुडा पुन्हा बांधून ठेवला. माझंही पोरगं वरच होतं, आणि त्याला उतरवणारा पत्ता माझ्या कॅटमध्ये नव्हता.

*

मध्ये एक हलका किस्सा सांगते, नाहीतर तुम्हीही भिंतीकडे तोंड करून बसाल.

एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी मल्लखांब खेळते, स्पर्धा आठ दिवसांवर. पत्ता आला 'हँग्ड मॅन', एका पायावर उलटा लटकलेला माणूस. आईनं तोंडाला पदर लावला. "उलटी टांगली वं माझी पोरगी," म्हणून रडायलाच लागली. मी पाण्याचा तांब्या शोधतेय, शबाना भिंतीकडे बघून पुटपुटतेय, आणि मुलगी पत्ता हातात घेऊन निरखून बघतेय.

"आई, रडू नको," ती म्हणाली. "ह्येचा दुसरा पाय चुकलाय. असा मुडपला तर मार्क कापत्यात."

स्पर्धेत तिचा दुसरा नंबर आला. आईला ते दुसऱ्यांनी सांगितलं. मुलगी खाली उतरून, घाम पुसून, शेजारी येऊन बसली तरी हिनं डोळे उघडले नव्हते.

*

सांगलीला एकदा महिलांच्या प्रदर्शनात स्टॉल लावला होता. एका बाजूला माझे ब्लाउज, दुसऱ्या बाजूला पत्ते. मे महिना होता आणि ऊन असं की पत्ते हाताला गरम लागत होते.

नदीकडच्या गल्लीतल्या एक बाई आल्या. शिक्षिका होत्या, बोलणं नीटनेटकं. मुलीच्या ॲडमिशनचं विचारत होत्या. त्यांना तलवारींचा एक पत्ता आला. त्यात एक होडी असते. होडीत डोक्यावरून पदर घेतलेली बाई, तिच्याजवळ लहान मूल, मागे वल्हं मारणारा माणूस. मी खुशीत सांगितलं, "छान आहे. कठीण काळातून पलीकडच्या काठाला नेणारा पत्ता."

त्या बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "किती फूट?"

मला कळेना. शेजारच्या स्टॉलवरच्या लोणचीवाल्या मावशींना बरोबर कळलं. त्या लगेच उठून पत्ता बघायला आल्या. मग त्यांच्या पलीकडची आली. सांगलीच्या माणसाला होडीत बसलेली बाई दाखवली की त्याला ॲडमिशन दिसत नाही. मागच्या पुरात पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेलं, घरात कुठल्या पायरीपर्यंत आलं, गॅसची टाकी कुणी धरून ठेवली, हे सगळं त्या तीन-चार बायका माझ्या टेबलाभोवती उभ्या राहून बोलायला लागल्या. बाहेर कडक ऊन, आणि आत सगळ्यांच्या अंगावर काटा.

संध्याकाळपर्यंत त्या गल्लीतल्या तीन घरांनी फ्रीज माडीवर चढवले. कोरड्या मे महिन्यात.

त्या वर्षी पाणी आलं नाही. दिवाळीनंतर त्या बाईंचा फोन आला, ब्लाउजसाठीच. मी विचारलं, "फ्रीज आणला का खाली?"

"नाही," त्या म्हणाल्या. "तो पत्ता तुमच्याकडं आहे तोपर्यंत फ्रीज वरच राहूदे."

*

आता आमच्याच घरातलं सांगते.

विक्रम दर रविवारी फोन करायचा. एका रविवारी आला नाही. नवरा म्हणाला, "नेटवर्क नसंल. फोन न्हाई म्हंजी नेटवर्क न्हाई, दुसरं काय न्हाई." सतरा वर्षं फौजेत काढलेला माणूस, त्याला माहीत असणार. पण बुधवारपासून तो फोन बाथरूममध्येही बरोबर न्यायला लागला, आणि बातम्या लागल्या की उठून टीव्ही बंद करायला लागला.

सातव्या दिवशी मी एका नवरीच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. तीस वर्षांत अशी चूक केली नव्हती.

आठव्या दिवशी शबानानं तिचं स्टूल फिरवलं आणि माझ्याकडे तोंड करून बसली. मी म्हटलं, "आज भिंत सोडलीस?"

"पत्ते न्हाई बघत मी," ती म्हणाली. "तुझं तोंड बघते. तू त्याचा पत्ता काढलास तर मला कळंल."

नवव्या दिवशी ती जेवायला गेली तेव्हा मी कॅट हातात घेतला. मनात आलं, काढूया. तो घोड्यावरचा तर यात नाहीच, मग भ्यायचं कशाला? आणि हे मनात आलं तसा मी कॅट खाली ठेवला. म्हणजे मी पत्त्यांना विचारणारच नव्हते, स्वतःला फसवणार होते. विचारायचं तर पुऱ्या अठ्ठ्याहत्तरांना विचारायला हवं. मी खाली गेले, शाळूच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला.

पत्ता नव्हता.

सगळा शाळू परातीत ओतला. पाला निघाला, काड्या निघाल्या, पत्ता नाही. पुन्हा भरला, पुन्हा ओतला. मी तिथेच जमिनीवर बसले. घरात होता तोवर तो कुठे आहे हे मला ठाऊक होतं. आता तो निघाला होता आणि कुणाकडे गेला ते कळत नव्हतं. असला विचार शहाण्या माणसानं करू नये, पण त्या वेळी मी शहाणी नव्हते.

"काय हुडकतीस गं?" आत्यांनी दारातून विचारलं.

"काही नाही, आत्या. किडे झालेत का बघत होते."

"किडं कसलं? परवाच निवडलाय म्या." एवढं बोलून त्या गेल्या.

अकराव्या दिवशी दुपारी जिन्यावर आवाज आला. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. मी आणि शबाना दोघी दाराकडे गेलो. आत्या बसत-बसत वर येत होत्या. एका पायरीवर बसायच्या, हातानं पाय उचलून घ्यायच्या, मग पुढची पायरी. मी धरायला गेले तर हात झिडकारला. वीस पायऱ्या चढून त्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "माझा पत्ता काढ."

"आत्या, तुमचा?"

"माझाच. घरातल्या मानसाचा काढायचा न्हाई आसा तुझा नेम पोरासाठी हाय. माझ्यासाठी कुठं हाय?"

मी शबानाकडे पाहिलं. ती स्टूल ओढून बसली, भिंतीकडे तोंड न करता. मी कॅट पिसला आणि हिरव्या कापडावर पसरला. आत्या म्हणाल्या, "तोंड वाळलंय. आदी पानी दे."

मी माठाकडे गेले. तांब्या भरून आणला. त्या पाणी प्यायल्या, तोंड पुसलं आणि समोरचा एक पत्ता ओढून उलटा केला.

सापळा, पांढरा घोडा, झेंडा. वरचा उजवा कोपरा पिवळा. आणि त्याला आत्यांच्या चंचीतल्या तंबाखूचा वास येत होता.

तो पत्ता कॅटमध्ये नव्हता हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. मी पाण्याला गेले तेव्हा शबानानं आत्यांना तो घालताना पाहिलं होतं; ती जमिनीकडे बघत होती. शाळू निवडताना सापडला त्या दिवसापासून आत्या तो पत्ता कमरेला लावून हिंडत होत्या.

"काय म्हंतुय?" आत्यांनी विचारलं.

मला सवयीनं सुचलं तेच मी बोलले. "आत्या, याचा अर्थ जुनं संपून..."

"मला नगं शिकवू. घोडं दारात आलं की मोकळं जात न्हाई, येवढं मलाबी कळतंय. घरातल्या एकाला निघायचा हुता, त्यो मला निघाला. तुमी दोगींनी बघितलं न्हवं? झालं तर मग." त्यांनी दोन्ही हात पत्त्यावरून फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "आता त्येचं पोराकडं काय काम न्हाई."

मी रडायला लागले. आत्या रडल्या नाहीत. पत्ता हातात धरून त्या तिथेच बसून राहिल्या. खाली चला म्हटलं तर नाही म्हणाल्या. शबानानं चहा केला. मी त्या डाव्या बाह्या उसवायला घेतल्या, हाताला काहीतरी हवं म्हणून. चार वाजून गेले असतील.

टेबलावर माझा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता, नेहमीपेक्षा लांबलचक होता. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि माझा हात उचलेना. शबानाही अर्ध्यावर उठून तशीच थांबली. फोन वाजत होता.

आत्यांनी तो ओढून घेतला. "कुठं दाबायचं गं ह्येला?"

शबानानं त्यांचं बोट धरून काचेवरून फिरवलं. आत्यांनी फोन कानाला लावला आणि ऐकत राहिल्या. पलीकडून काय येत होतं ते आम्हाला ऐकू येत नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, "जेवलास का रं?"

आणि दुसऱ्या हातानं तो पत्ता परत चंचीत ठेवून त्यांनी दोरी ओढून घेतली.